'अश्रुधूर' की 'अश्रुवायू'?

प्रश्न : सोलापुरात रसायनशास्त्र शिकवते. हातात धरायच्या बाष्प-विश्लेषक यंत्रांवर, अश्रुधुरातली रसायनं ती कशी ओळखतात यावर, मराठीत टिपण लिहितेय. बातम्यांत 'अश्रुधूर' असतो, काही पुस्तकांत 'अश्रुवायू'. कोणता घेऊ? आणि यंत्र 'वाफ' तपासतं म्हणू की 'बाष्प'?

उत्तर : मॅडम, 'अश्रुवायू' नकोच. अश्रुधुरात सर्रास वापरला जाणारा सीएस (१९२८ साली तो बनवणाऱ्या कॉर्सन आणि स्टॉटन यांची आद्याक्षरं) हा पांढरा स्फटिकी घन पदार्थ आहे. वितळतोच मुळी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास. नळकांडं पेटलं की त्याचं बाष्प होतं, आणि बाहेरच्या हवेत आलं की थिजून बारीक कण होतात. दिसतो तो कणांचा लोट, म्हणून 'धूर' अगदी चपखल. आपल्याकडे उन्हाळ्यात काळं तिखट कांडायला गेलं की दारातच ठसका लागतो ना? तिथंही वायू नसतो, उडते ती पूड.

'बाष्प'च लिहा, 'वाफ' म्हटलं की पाण्याचीच डोळ्यांपुढे येते. पण एक गोष्ट टिपणात यायलाच हवी : साध्या तापमानाला सीएसचं बाष्प फारच थोडं सुटतं. नुसती हवा ओढून यंत्र गप्प बसेल आणि समोरच्या शर्टावर पूड तशीच असेल. अशा वेळी शर्टावरून स्वॅब फिरवून तो यंत्रात तापवतात, मग बाष्प मिळतं.

दुसरं उत्तर : ताई, यंत्रांच्या कामाला सगळीकडे 'शोधणे' हा एकच शब्द वापरू नका. अतिनील दिव्याच्या यंत्राला फक्त चाहूल लागते. हवेत काहीतरी सेंद्रिय आहे एवढंच ते सांगतं. थिनर असला तरी आकडा चढतो. आयनांचा (विद्युतभारित कणांचा) वेग मोजणारं यंत्र, ते विद्युतक्षेत्रातून किती मिलिसेकंदांत पार होतात यावरून, पदार्थाचा अंदाज देतं. तरी तेवढाच वेळ घेणारा दुसरा पदार्थ त्याला चकवतो. 'ओळख पटली' हे शब्द मिश्रण आधी वेगळं करून मग रेणूंच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रासाठी राखून ठेवा. पुढे कुणावर आरोप ठेवायचा झाला तर 'चाहूल' आणि 'ओळख' यांतला फरक फार मोलाचा ठरतो.

प्रश्नकर्ती : पटलं. आणि पेपर स्प्रेला 'मिरपूड फवारा' लिहू का?

उत्तर : नको हो! मिरपूड काळ्या मिरीची. फवाऱ्यात असतं ते कॅप्सेसिन, लाल-हिरव्या मिरचीतलं. 'मिरचीचा फवारा' लिहा.