चिकाचं दूध पिळून टाकायला सांगतायत; आत्तींना कसं समजावू? (मदत हवी आहे)

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात खेड्यावर राहतो. घरी दोन म्हशी आणि एक गाय. धाकट्या जावेचं बाळंतपण तीन आठवड्यांवर आलंय, म्हणून घाईनं लिहितेय.

आत्तींचं (सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो) म्हणणं असं की बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध साचलेलं, जड असतं. ते पिळून टाकायचं आणि तीन दिवस बाळाला मध चाटवायचा. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या वेळी तसंच झालं. टाके दुखत होते, वाद घालायचं त्राण नव्हतं. वाटीतलं ते दूध तुळशीपाशी ओतलेलं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. महिन्याच्या आत पोराला जुलाब लागले, चार दिवस बेळगावात दवाखान्यात काढले. चीक न मिळाल्यामुळेच ते झालं असं मी म्हणत नाही, पण जावेच्या बाळाचा चीक मला वाया जाऊ द्यायचा नाही.

आणि ह्याच आत्ती म्हैस व्यायला झाली की रात्रभर बॅटरी घेऊन गोठ्यात बसतात! वार पडायची वाटसुद्धा बघत नाहीत, रेडकू धडपडत उभं राहिलं की लगेच सडाला लावतात. "चीक चुकला तर रेडकू हाताला लागत नाही," हे त्यांचंच वाक्य. घरात खरवस होतो, शेजारच्या कन्नड काकूंकडे गिण्ण म्हणून वाटीभर जातो, पण रेडकाचं पोट भरल्यावरच.

मी हेच त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "जनावराचं वेगळं, माणसाचं वेगळं." मग मी गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की गायी-म्हशीच्या वारेतून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं गर्भात उतरतच नाहीत, वासरू जवळजवळ रिकाम्या हातानं जन्मतं. चिकातली प्रतिपिंडं त्याचं आतडं पहिल्या काही तासांत नीट शोषून घेतं, दिवसभरात ती वाट बंद होते. माणसात मात्र आईची प्रतिपिंडं वारेतून पोटातच बाळाला मिळतात. म्हणजे आत्ती म्हणतात तेच खरं की काय? इथं मी अडकलेय. बाळाला आधीच मिळालंय, तर चिकाचं काम काय उरलं?

दुसरी अडचण भाषेची. तायी कार्डावरची (गरोदर बाईला सरकारकडून मिळतं ते नोंदणी कार्ड) माहिती कन्नडमध्ये आहे. आत्ती चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकल्या. त्यांना पटेल अशा शब्दांत कुणी सांगेल का?

प्रतिसाद

ताई, मी नर्स आहे, माहेर निपाणीकडचं. तुमच्या आत्ती अर्ध्या बरोबर आहेत, ते अर्धं आधी मान्य करा.

वारेतून येतात ती प्रतिपिंडं रक्तात फिरणारी. बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत उतरतात, म्हणून लवकर जन्मलेल्या बाळाकडे कमी असतात. गरोदरपणात आईला धनुर्वाताचं इंजेक्शन देतात ते ह्याचसाठी, ते बाळाला जन्मानंतरही राखतं. पण रोग शिरतो तो तोंडातून, आतड्यातून. तिथं राखण करणारी प्रतिपिंडं वेगळ्या जातीची, ती चिकात भरपूर असतात. रक्तात न जाता ती घशाच्या, आतड्याच्या अस्तरावर थांबतात आणि जंतूंना चिकटूच देत नाहीत. शिवाय चिकात आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी असतात. आत्तींना असं सांगा: पोटात मिळालं ते घरातलं धान्य, चीक म्हणजे दारावरचा राखणदार.

हे सगळं उसनं आहे, पोटात मिळालेलं काही महिन्यांत सरतं. स्वतःची ताकद बाळ हळूहळू कमावतं. एकदा भेटलेल्या जंतूची आठवण पेशी जपून ठेवतात, आणि लस म्हणजे आजार न होता ती आठवण करून देणं. गोवरची लस नऊ महिन्यांनी देतात त्याचंही कारण हेच: त्याआधी आईची उरलेली प्रतिपिंडं लसच निकामी करू शकतात. आत्तींच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असेल, तो दाखवायला सांगा. बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत पूर्वी हीच लस तयार व्हायची, आणि १९८० साली देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. आठवण कशी टिकते हे त्यांना तिथून कळेल.

मध मात्र अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं. पहिल्या तासात अंगावर घ्या, सहा महिने पाणीसुद्धा नको.

मूळ लेखिका

खूप आभार ताई. वण आहे, डाव्या दंडावर! काल दुपारी बसून सगळं सांगितलं. राखणदार पटला, मधावरून अजून कुरबूर चालू आहे. आशाताईंना परवा घरी बोलावलंय, त्या मराठी बोलतात.

एक राहिलं: सिझर झालं तर?

प्रतिसाद

सिझर असलं तरी चीक येतोच. आईला बसता येत नसेल तर आडवं झोपून पाजता येतं, नर्सकडून बाळ धरून घ्या. तेही जमलं नाही तर हातानं पिळून स्वच्छ वाटी-चमच्यानं पाजा. चमचाभरच निघालं म्हणून घाबरू नका, पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी तेवढंच पुरतं.