कुंपणाखालून आलेल्या वेडेलियाने माझा वाफा झाकून टाकलाय

प्रश्न:
आमच्या आणि शेजारच्या काकांच्या आवारामध्ये फक्त तारेचं कुंपण. त्यांची जागा वर, आमची खाली, मध्ये छोटा उतार. तीन वर्षांपूर्वी त्यांनी उतारावर वेडेलिया लावली. जमिनीलगत पसरणारी, पिवळी फुलं, दिसायला छानच. आता ती कुंपणाखालून माझ्या औषधी वनस्पतींच्या वाफ्यात उतरली आहे. ब्राह्मी दिसेनाशी झाली, अनंतमूळ पार झाकलं गेलं. गवती चहा तेवढा तग धरून आहे. ते अनंतमूळ मी एका काडीपासून चार वर्षं वाढवलंय, म्हणून जास्तच जिवाला लागतं.

पावसाळ्यात ग्रासकटरने सगळं भुईसपाट केलं आणि तुकडे तिथेच आच्छादन म्हणून पसरले. महिन्याभरात आधीपेक्षा दाट! काकांशी वाकडं यायला नको, माणूस चांगला आहे. पण वाफाही सोडवत नाही. काय करू?

प्रतिसाद १:
ताई, ग्रासकटरनेच घात केला. वेडेलियाचं बी फारसं रुजत नाही, तिला त्याची गरजही नाही. आडव्या खोडाच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. पेर असलेला बोटभर तुकडा ओल्या मातीत पडला की झालं नवं रोप. तुम्ही कापली नाहीत, लावलीत.

माती ओली असताना हाताने काढा. एक टोक धरायचं आणि खुरप्याने पेर न् पेर उचकटत मागे जायचं. निघालेलं कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, आवाराबाहेरही फेकू नका. काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, आतली खोडं पूर्ण वाळेपर्यंत. मग कुंपणालगत दोन फुटांचा पट्टा मोकळा ठेवा आणि दर पंधरवड्याला नजर टाका. बांबू असता तर जमिनीत खोलवर जाड पत्रा पुरावा लागला असता. ही वरवर पसरते, त्यामुळे आलेली लगेच दिसते.

प्रतिसाद २:
एवढा खटाटोप कशाला? ग्लायफोसेट हे तणनाशक फवारा, मोकळे व्हा.

प्रतिसाद ३:
कृपा करून नको. ग्लायफोसेटला वेडेलिया आणि ब्राह्मी सारखीच. दोन्ही एकमेकांत गुंतलेल्या असताना काय वाचणार? शिवाय वाऱ्याने काकांच्या झाडांवर गेलं तर दोष तुमच्याकडे येईल. आपल्या हद्दीत आलेलं आपण काढावं, कुंपणापलीकडे विचारल्याशिवाय हात घालू नये.

आणि काकांना आधी एवढंच विचारा, की ही लावली कशासाठी? उतारावर बहुतेकदा माती धरायला लावतात. तसं असेल तर नुसतं 'काढा' म्हणून भागणार नाही, बदली झाड सुचवावं लागेल. वाळा बघा. मुळं सरळ खोल जातात, झुडूप जागच्या जागी राहतं. उताराला आडव्या ओळी लावायच्या. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने २००० साली जगातल्या अत्यंत उपद्रवी १०० परक्या प्रजातींची यादी काढली, त्यात वेडेलिया आहे. घाणेरी आणि सुबाभूळसुद्धा. हे काकांना जरूर सांगा, पण तक्रारीच्या सुरात नको.

प्रश्नकर्ती:
काल बोलले. पावसात त्यांची माती वाहून आमच्याच अंगणात यायची, म्हणून लावली होती म्हणे! ऐकून मलाच भरून आलं. वाळा त्यांना पटला. उतार एकदम उघडा करायचा नाही असं ठरलंय. आधी एक पट्टा साफ, तिथे वाळ्याने जीव धरला की पुढचा.

आज वाफ्याचा एक कोपरा मोकळा केला. खाली अनंतमूळ जिवंत आहे, दोनच पानं, पिवळट. कुंडीत हलवू का?

प्रतिसाद १:
हलवू नका. त्याचं मूळ लांब जातं, काढताना तुटेल. शेजारी काठी रोवून खूण करा आणि वीतभर अंतरातली वेडेलिया खुरपं न लावता बोटांनीच काढा.