प्रतिकर्षण म्हणायचं का लोटणं? चुंबकाच्या शब्दांबद्दल

परभणीकर :
नमस्कार मंडळी. पोरगी सहावीत आहे, तिला जुन्या फाटक्या स्पीकरमधले दोन गोल मॅग्नेट काढून दिले खेळायला. ती म्हणायली बाबा हे एका बाजूनं चिकटायलेत अन् एक उलटं केलं की दुसरं सरकून पळायलंय, पुस्तकात त्याला प्रतिकर्षण म्हणलंय, ते काहून? तिचं म्हणणं असं की आकर्षणात पण 'कर्षण' अन् प्रतिकर्षणात पण 'कर्षण', मग एक ओढणं अन् एक ढकलणं कसं काय होतंय? मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगा, अन् तुमच्याकडं बोलताना काय म्हणतात तेही लिहा.

लातूरचे निवृत्त मास्तर :
पोरीनं नेमकं धरलंय. कृष् म्हणजे ओढणे, नांगर ओढणे पण त्यातच आलं, म्हणून तर कृषी. 'आ' म्हणजे आपल्याकडं, 'प्रति' म्हणजे उलट. फोड केली तर प्रतिकर्षण म्हणजे 'उलट ओढणं' निघतं, ढकलणं त्यात कुठंच नाही. पण दोन मॅग्नेटची सारखी तोंडं समोरासमोर आणून दाबून पहा, मधी काहीच नाही तरी गादी ठेवल्यासारखं लागतं, ते ओढणं नाही, सरळ लोटणं आहे. वर्गात मी आधी 'लोटतंय' म्हणायचो, लेकरांच्या हाताला ते कळालं की मग फळ्यावर प्रतिकर्षण लिहायचो. परीक्षेला तोच शब्द लागतो, तो शिकवावाच लागतो, पण आधी हात अन् मग शब्द.

आता तुम्ही 'चिकटायलेत' लिहिलंय, त्याबद्दल माझी जरा तक्रार आहे. डिंक चिकटतो, म्हणजे टेकल्यावर धरतो. चुंबक टेकायच्या आधीच काम सुरू करतो, टाचणी बोटभर अंतरावरून स्वतःच सरकत येते. म्हणून 'ओढणे' बरोबर, चिकटणे हे त्याचं शेवटचं पाऊल. अन् ओढ हा शब्द आपल्याकडं माणसाला पण लागतो, माहेरची ओढ म्हणतो, तिथंही माणूस लांबच असतो ना.

आणखी एक. साध्या लोखंडाला चुंबकाची दोन्ही टोकं ओढतातच, लोटत कुणीच नाही. म्हणून नुसतं ओढलं तर समोरचं लोखंड आहे का चुंबक हे कळत नाही, लोटलं तरच दोन्ही चुंबक. कसोटीचा शब्द लोटणं हाच आहे.

जालन्याहून :
मास्तर बरोबर बोलले. आमच्याकडं स्टीलच्या कारखान्यात क्रेनला मोठा मॅग्नेट असतो, करंट दिला की स्क्रॅप उचलतो, करंट बंद केला की सोडतो. तिथं चुंबक, ध्रुव असलं काही कोणी म्हणत नाही, 'धरलं', 'सोडलं' एवढंच. भंगाराच्या दुकानात पण मॅग्नेट लावून बघतात 'धरतंय का', तांबं पितळ अल्युमिनियम धरत नाही, ते बाजूला काढतात कारण भाव जास्त. 'ढकलतंय' हा शब्द मी इतक्या वर्षांत तिथं ऐकला नाही, कारण भंगार कधी ढकललं जातच नाही. मास्तरांचं वाचून आज कळालं काहून ते.

नांदेडकर ताई :
मला सजातीय-विजातीय ध्रुव खटकतं. जाती म्हणजे इथं प्रकार हे मला माहीत आहे, पण गावातल्या लेकराच्या कानाला 'जात'च ऐकू येते, अन् मग 'सजातीय एकमेकांना ढकलतात' हे वाक्य पाठ करताना त्याच्या डोक्यात भलतंच चित्र उभं राहतं. 'सारखी टोकं' अन् 'वेगळी टोकं' म्हणलं तर काय बिघडतंय? मी घरी तसंच शिकवते.

संभाजीनगरकर :
माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, ते १९४८ नंतर सुद्धा कितीतरी वर्षं मॅग्नेटला मिकनातीस म्हणायचे, अन् होकायंत्राला कुतुबनुमा. कुतुब म्हणजे ध्रुव, नुमा म्हणजे दाखवणारं. मला हा शब्द लई आवडतो, काम नावातच सांगितलंय. आपलं 'चुंबक' पण काही कमी गोड नाही म्हणा, चुंबन ज्या धातूतून आलं त्यातूनच हा, लोखंडाचा मुका घेणारा.

परभणीकर :
सगळ्यांचे आभार. पोरीनं मॅग्नेट दोऱ्याला उभा टांगला, उत्तरेकडं तोंड करणाऱ्या बाजूला कुंकू लावलं अन् आता म्हणायली, उत्तर ध्रुव उत्तरेकडं ओढला जायलाय तर तिकडं दक्षिण ध्रुव असला पाहिजे ना?

लातूरचे निवृत्त मास्तर :
तिला सांगा, हो, तसंच आहे. मॅग्नेटचा 'उत्तर ध्रुव' म्हणजे उत्तर शोधणारं टोक, नाव त्याच्या धावण्यावरून पडलंय. पृथ्वीला मोठा चुंबक धरलं तर आपल्या उत्तरेच्या अंगाला त्याचं दक्षिण टोक येतं. आणि ध्रुव म्हणजे अढळ असं आपण म्हणतो, पण हे ध्रुव अढळ नाहीत. आपल्या पायाखालचा काळा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला तेव्हा त्यात पृथ्वीचं चुंबकत्व नोंदलं गेलं, अन् त्यातल्या बऱ्याच थरांत ते आजच्या उलट दिशेचं सापडतं. तेव्हा तिनं हाच मॅग्नेट टांगला असता तर कुंकवाची बाजू दक्षिणेकडं फिरली असती.