कमवा-शिका आणि समाजसेवा यांची सांगड: बडोद्यातले अनुभव

धागाकर्ती: महाविद्यालयाच्या ऑफिसात फायली लावण्याऐवजी विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या शाळेत, वाचनालयात, रुग्णालयात काम करावं आणि तासांचे पैसे घ्यावेत. हे प्रत्यक्षात कसं बसवायचं? जे चाललं आणि जे फसलं, ते नेमकं लिहा.

रावपुरा: आधी तासांची फोड करा. आठवड्याला दहा तास असतील, तर सात प्रत्यक्ष कामाचे, एक तयारीचा, एक नोंदींचा, एक जाण्यायेण्याचा. हा शेवटचा तास हमखास गाळला जातो. मग फतेहगंजहून तांदळज्याला जाणारा रिक्षाभाडं खिशातून भरतो, आणि ज्याला पैशांची खरी गरज, तोच दिवाळीनंतर येईनासा होतो. पगार महिन्याच्या ठरल्या तारखेलाच हवा. फुकट सेवा ज्याला परवडते तोच करू शकतो. म्हणून तर हा खटाटोप.

सूरसागर: एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाला १२० तास स्वयंसेवेचे असतात. तोच तास तिथेही आणि पगारातही दाखवू नका. रजिस्टरं दोन ठेवा. पगाराच्या रजिस्टरवर शाळेच्या बाईंची सही त्याच दिवशी घ्या. महिनाअखेरीस एकगठ्ठा घेतलेल्या सह्यांवरून वाद होतात.

दांडिया बाजार: वाचनवर्गाबद्दल सविस्तर लिहिते. एका विद्यार्थ्याकडे पाचच मुलं, ४५ मिनिटं, आठवड्यातून तीन ठरलेले वार. पहिल्या दिवशी ‘असर’ या शालेय मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या पद्धतीने प्रत्येकाची पातळी बघा: सुरुवात परिच्छेदापासून. सहज वाचला तर गोष्ट द्या, अडखळला तर सुटे शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द किंवा अक्षरं बरोबर आली की ती पातळी जमली. इयत्तेप्रमाणे गट पाडले की वर्ग फसतो, कारण चौथीतलं मूल अक्षरांवर असू शकतं आणि दुसरीतलं गोष्टीवर. गट पातळीप्रमाणेच पाडा.

आपल्या मराठी मुलामुलींना गुजराती बोलता येतं, पण फळ्यावर लिहिताना सवयीने शिरोरेखा ओढली जाते. अ, क, ज, झ, ब यांची वळणंही वेगळी. पाठवण्याआधी दोन तास फक्त फळालेखन करून घ्या.

सयाजीगंज: रुग्णालयाच्या मदत-टेबलावर आणखी एक भानगड. गुजराती पाचचा अंक हुबेहूब ‘प’सारखा आणि दोनचा ‘र’सारखा दिसतो. मोबाइल आणि आधार क्रमांक इंग्रजी अंकांतच लिहायचे आणि मोठ्याने वाचून दाखवायचे. औषध, आजार, निदान यांवर विद्यार्थ्याने एक शब्दही बोलायचा नाही. केसपेपर आणि खिडकी एवढीच त्याची हद्द. रुग्णाच्या कागदाचा फोटो तर कधीच काढायचा नाही.

मांडवी: सयाजीरावांच्या काळातली फिरती ग्रंथालयं आठवून पेटीची कल्पना घ्या. एका पेटीत तीस पुस्तकं, झाकणाच्या आत यादी चिकटवलेली, दर पंधरा दिवसांनी पेटी पुढच्या वस्तीत. पन्नास भरली तर एकट्याला उचलत नाही.

परदेशातून: अमेरिकेत १९६४च्या कायद्यापासून केंद्राच्या पैशाने वर्क-स्टडी, म्हणजे तिथलं कमवा-शिका, चालतं. त्या निधीतला किमान ७ टक्के भाग समाजसेवेच्या कामांवर खर्चावा लागतो. साधारणपणे मजुरीचा ७५ टक्क्यांपर्यंत वाटा केंद्राचा. लहान मुलांना वाचन शिकवणाऱ्यांसाठी तो १०० टक्क्यांपर्यंत जातो. इथेही वाचनवर्गाला असा वेगळा झुकता वाटा द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

रावपुरा: एक राहिलं. महाविद्यालयाच्या परीक्षा लागल्या की वर्ग तीन आठवडे बंद पडतो आणि मुलं पांगतात. दर जागेला दोन वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी नेमा, वेळापत्रकं सहसा एकाच वेळी येत नाहीत. आणि कोणतं मूल कुठल्या पानावर आहे, ती वही शाळेच्या कपाटातच ठेवा, विद्यार्थ्याच्या दप्तरात नको.