३०० अंशांवर निओडिमियम नको

३०० अंश सेल्सिअसला चालणारी चुंबकीय फिल्म (पातळ थर) हवी असेल तर निओडिमियम-लोह-बोरॉनमध्ये डिस्प्रोशियम हा धातू वाढवला की काम भागेल, असं मत इथे मांडलं गेलं आहे; ते मला पटत नाही. कोअर्सिव्हिटी (उलट चुंबकीय क्षेत्राला टिकून राहण्याची क्षमता) वाढते, मान्य. पण या मिश्रधातूचा क्युरी बिंदूच, म्हणजे ज्या तापमानाला कायम चुंबकत्व नाहीसं होतं तो, सुमारे ३१२ अंश आहे. त्याच्या इतकं जवळ गेल्यावर चुंबकत्व उरणार किती?

त्याऐवजी समेरियम-कोबाल्ट घ्यावं. त्याच्या १:५ संयुगाचा (एका समेरियम अणूला पाच कोबाल्ट) क्युरी बिंदू ७०० अंशांच्या वर आहे, २:१७ चा ८०० च्या वर. खोलीच्या तापमानाला ते निओडिमियमपेक्षा कमी ताकदीचे, पण इथे तो निकष लावूच नये.

खरी अडचण फिल्म बनवताना येते. समेरियम ऑक्सिजन पटकन धरतो, आणि थर काहीशे नॅनोमीटरचाच असेल तर पृष्ठभागावरचं थोडं ऑक्सिडेशनही महागात पडतं. शिवाय सब्स्ट्रेट (ज्यावर थर चढवतात तो पाया) तापवला की समेरियम उडून जातो, म्हणून टार्गेटमध्ये (ज्या तुकड्यातून थराचा पदार्थ येतो त्यात) तो थोडा जास्त ठेवतात. वरून क्रोमियम किंवा टँटलमचं आवरण हवंच.

आणखी एक, थराला लंब दिशेत मोजलेला लूप (लावलेल्या क्षेत्रानुसार चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख) डीमॅग्नेटायझिंग फील्डची, म्हणजे थराच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे आत तयार होणाऱ्या उलट क्षेत्राची, दुरुस्ती केल्याशिवाय कृपया दुसऱ्या कोणत्याही मोजमापाशी ताडून पाहू नका. तो तिरका दिसतो आणि चांगली फिल्म उगाच बाद ठरते.