पंचवीस कल्पक उपक्रम आणि मेलेल्या निंबोळ्या

खडूस_मास्तर

परवा 'नववी-दहावीच्या मुलांसाठी २५ कल्पक समाजोपयोगी उपक्रम' अशी यादी इथे टाकली गेली आणि खाली नुसता 'सुंदर', 'स्तुत्य', '+१' असा पाऊस पडला. मी यादी दोनदा वाचली. सीडबॉल (बी घातलेले मातीचे गोळे), वर्तमानपत्राच्या पिशव्या, टाकाऊतून टिकाऊ, पक्ष्यांसाठी पाणी, स्वच्छतेवर पथनाट्य, आणि चौदाव्या क्रमांकावर 'गणेशमूर्ती खाण्याच्या सोड्यात विरघळवा'. कधी करायचं, काय किती लागतं, कुठे फसतं, याची एक ओळ नाही. 'स्तुत्य' म्हणणाऱ्यांपैकी कुणी बादलीत हात घातला असेल असं वाटत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

सीडबॉलच घ्या. शिबिरं एप्रिल-मे महिन्यात आणि गोळ्यांत बी कडुनिंबाचं. निंबोळ्या पिकून गळतात जून-जुलैत. म्हणजे मे महिन्यात हातात असलेलं बी गेल्या वर्षीचं, आणि कडुनिंबाचं बी साध्या पिशवीत महिना-दोन महिन्यांत उगवणशक्ती गमावून बसतं. मुलं मेलेल्या निंबोळ्यांना मातीचा लेप देतात. जांभळाची तऱ्हा वेगळी. ते बी सुकलं की मेलं, आणि सीडबॉल तर सुकवूनच ठेवायचा असतो. बहाव्याचं कवच इतकं टणक की कानशीने खरवडल्याशिवाय किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवल्याशिवाय बरंचसं बी वर्षभर तसंच पडून राहतं. पाच भाग माती, तीन भाग चाळलेलं शेणखत, सुपारीएवढा गोळा, सावलीत दोन-तीन दिवस, हे जमलं तर त्यातल्या त्यात बरं. मुलं करतात लाडू. फोटोत लाडू छान दिसतो, पण पावसाच्या पहिल्या सरींत तो आतपर्यंत भिजत नाही. भिजून उगवलंच तर मूळ वरच्या वर राहतं आणि जुलैत आठ दिवसांचा खंड पडला की रोप गेलं. उरलंसुरलं शेळ्या खातात.

नववीच्या मुलांना खरोखर जमेल आणि गल्लीला उपयोगी पडेल असं काम हवं असेल तर डासांच्या अळ्यांचं सर्वेक्षण करा. चार गट, प्रत्येकी २५ घरं. हातात टॉर्च, पांढरा ट्रे, लांब दांड्याचा डाव. पिंप सगळेच बघतात. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरची करवंटी, टायर हे राहून जातं. अळ्या सापडलेली घरं भागिले तपासलेली घरं गुणिले शंभर, हा घर निर्देशांक. दर शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी, तो ब्रेटो निर्देशांक. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत सात-दहा दिवस पुरतात म्हणून पाण्याची सगळी भांडी रिकामी करायचा 'कोरडा दिवस' आठवड्यातून एकदा. भांडं नुसतं उपडं करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या कडेला चिकटून काही महिने तग धरतात. चार आठवडे त्याच शंभर घरी गेलात तर आकडा उतरतो की नाही ते दिसतं. टक्केवारी आपसूक शिकून होते.

हिरवाई

ती यादी माझीच. मास्तर, कल्पनांची यादी आणि कृतिपुस्तिका यांत फरक असतो, तो तुम्हाला कळत असावा. निंबोळीचा मुद्दा बरोबर आहे, मानला. म्हणून सीडबॉलच मोडीत काढायचे? चिंच, करंज, सीताफळ वापरा. मातीत हात घालणारं मूल आणि न घालणारं मूल यांत फरक पडतो, त्याचा निर्देशांक तुमच्याकडे नसेल.

चंडोल

चिंच आणि करंज फेकणार कुठे? 'उजाड माळावर', हेच ना? माळरान उजाड नसतं हो. गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था आहे. सोलापुरात नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य करावं लागलं ते गवतासाठीच. तणमोर, धाविक, खोकड, लांडगा, सगळे उघड्या गवतावर जगणारे. तिथे गिरिपुष्पाच्या रांगा लावून आधीच पुष्कळ वाट लागलीये, आता सीडबॉल भिरकावायला पोरांच्या हातात गलोली द्या. सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, तर मातीच मुळी बोटभर, तिथे झाड उगवत नाही आणि उगवलं तर तेरडा, सीतेची आसवं अशा रानफुलांची जागा खातं. 'हिरवं म्हणजे झाड' हे समीकरण पाचवीच्या पुस्तकापासून...

(थांबतो. यावर बोलायला लागलो की धागा खातो असा आरोप जुनाच आहे.)

चाळकरी

अळ्या शोधणं हे महापालिकेच्या आरोग्य खात्याचं काम. त्यासाठी पगारी माणसं असतात, नसतील तर भरावीत. चौदा वर्षांची पोरं लोकांच्या फ्रिजमागे वाकवायची आणि त्याला 'समाजसेवा' म्हणायचं? ही वेठबिगारी झाली. वर शिक्षकांनी जिओटॅग केलेले फोटो, अहवाल, पोर्टलवर नोंद. मतदार याद्या आहेतच, जलसुरक्षेची वही आहेच, त्यात ही भर. शिकवायचं कधी?

खडूस_मास्तर

फोटो-अहवालाबद्दल शंभर टक्के. बाकी असहमत. औषध फवारायला पोरांना सांगितलं तर मीही विरोध करीन. मोजणं आणि दाखवणं हे शिकण्याचंच काम आहे. पाण्यात तिरकी लटकते ती अळी एडिस किंवा क्युलेक्स डासाची, पृष्ठभागाला समांतर तरंगते ती ॲनॉफिलीसची, हे चित्रात पाठ करून कळत नाही. पाणी यायच्या वेळी जा, तेव्हा घरात कुणीतरी असतंच. आणि सोसायटीच्या सचिवाची परवानगी आधी लेखी घ्या, नाहीतर गच्चीचं कुलूप उघडत नाही आणि अर्धे नमुने तिथेच असतात.

निर्माल्य

चौदाव्या मुद्द्यावर हसून पुढे गेलात, तेवढं सोपं नाही ते. 'खाण्याचा सोडा' ही चूक आहे, मान्य. पदार्थ अमोनियम बायकार्बोनेट, बेकरीवाले 'अमोनिया' म्हणून वापरतात तो. पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, आणि पुणे महापालिका ती पावडर मोफत वाटत आली आहे.

हिशेब असा. घट्ट झालेलं प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम, रेणुभार १७२. त्याला बायकार्बोनेटचे दोन रेणू, ७९ दुणे १५८. म्हणजे १ किलो मूर्तीला साधारण ९२० ग्रॅम; सोपं म्हणून वजनास वजन. पाणी २ किलो पावडरीला किमान १० लिटर, कारण २० अंशाला १०० मिलीत २१-२२ ग्रॅमच विरघळते. वरचा ऑइलपेंट आधी खरवडा, नाहीतर पाणी आत शिरत नाही आणि तिसऱ्या दिवशीही गणपती तसाच बसलेला. बादली मोठी घ्या, फेस येतो. झाकण घट्ट लावू नका, कार्बन डायऑक्साइड कोंडतो. उघड्यावर ठेवा, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. दर दोन-तीन तासांनी ढवळलं तर दोन दिवसांत काम होतं. दहावीच्या रसायनशास्त्राला याहून चांगला प्रयोग सांगा.

खडूस_मास्तर

प्रयोग म्हणून उत्तम. 'विरघळते' हा शब्द मात्र खोटा. मूर्तीचा खडू होतो. तुमच्याच हिशेबाने १ किलो मूर्तीमागे ५८० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ आणि ७७० ग्रॅम अमोनियम सल्फेट. तो गाळ कुणाच्या गटारात?

निर्माल्य

गटारात कशाला? सल्फेटचं पाणी झाडांना, गाळाचे शाळेसाठी खडू.

पाटी

गाळाचे खडू होत नाहीत. फळ्यावरचे खडू बहुतेक करून प्लास्टरचेच असतात, साच्यात ओतलं की घट्ट होतात. कार्बोनेटचा गाळ वाळला की भुकटी होते, बांधायला काहीतरी घालावं लागतं. दरवर्षी कुणीतरी हे 'खडू' लिहितं आणि दरवर्षी कुणीतरी पुढे पाठवतं.

चाळकरी

म्हणजे प्लास्टरच्या मूर्तीवर बंदी मागणारे गुरुजी फळ्यावर प्लास्टरनेच लिहितात. हे आवडलं.

खडूस_मास्तर

आणि झाडांना पाणी? २ किलोच्या मूर्तीनंतर १० लिटरात दीड किलो अमोनियम सल्फेट. पंधरा टक्के द्रावण! कुंडीत ओतलंत तर तुळस संध्याकाळपर्यंत माना टाकेल. पन्नास पट पातळ करायचं म्हणजे एका मूर्तीचं ५०० लिटर. चाळीस मूर्तींच्या सोसायटीत २०,००० लिटर, दोन टँकर. कुठल्या शाळेच्या बागेत इतकी झाडं आहेत?

निर्माल्य

सगळं एका दिवसात ओता असं कोण म्हणालं? कॅनमध्ये भरून ठेवा, पुढचे सहा महिने हिरवळीला, शोभेच्या झाडांना द्या. रंगाचे पापुद्रे असतात म्हणून भाजीपाल्याला नको. टँकरचा गुणाकार करून टाळ्या मिळवणं सोपं असतं. पर्याय काय आहे तुमच्याकडे? नदी?

पेणचा_पाहुणा

पर्याय म्हणून आता 'शाडू' येणार, त्याआधी मी बोलतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांपासून प्लास्टर म्हणजे पाप आणि शाडू म्हणजे पुण्य असं झालंय. शाडू येतो गुजरातमधून, ट्रकने. तोही पाण्यात विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी बसतो. लहान तळ्यात शेकडो मूर्ती म्हणजे तळं बुजवण्याचा कार्यक्रम. मूर्ती जड, वाळायला वेळ, पावसाळी हवेत तडे, वाहतुकीत हात-कान तुटतात. तो तोटा कारागिराचा. शहरातल्या कार्यशाळेत दोन तास माती मळून 'आम्ही पर्यावरण वाचवलं' म्हणणाऱ्यांना पेणजवळच्या हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यातला जूनचा महिना दाखवा.

निर्माल्य

म्हणजे शेवटी प्लास्टरच ना? हेच ऐकायचं होतं.

पेणचा_पाहुणा

वाचायला शिका आधी. म्हणतोय ते इतकंच की शाडू वापरायचा तर परत आणून द्या. उपक्रम हवाय ना पोरांना? घ्या लिहून. मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित करायला सांगा, हार-वस्त्र-मणी आधी काढून. दोन दिवस भिजली की वरचं पाणी हलक्या हाताने ओता, लगदा शाळेत आणा. काथ्या आणि खडे निघेपर्यंत चाळणीतून गाळा, मग गोणपाटावर पसरून पाणी झिरपू द्या. कणकेसारखा झाला की गोळे करून पिशवीत. प्लास्टरची एक मूर्ती चुकून मिसळली की सगळी माती वाया, तीत गाठी राहतात. म्हणून स्वीकारताना तळाशी नखाने ओरखडा काढून बघा. माती सहज उकरली जाते, प्लास्टर तितकं सहज नाही. गेरू-हळदीने रंगवलेल्या वेगळ्या ठेवा, चमकी असलेल्या घेऊच नका. माती कारागिराला फुकट द्या. ऑक्टोबरात देऊ नका, ठेवायला जागा नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारून द्या.

चाळकरी

पॉपकॉर्न संपले. मूळ धागा कशावर होता?

लेखणी

मूळ धाग्यावर एक. नववीतलं मूल जे करू शकतं आणि पदवीधर माणूस करू शकत नाही असं एक काम आहे, दहावीच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचं लेखनिक होणं, म्हणजे परीक्षेत त्याला प्रश्न वाचून दाखवणं आणि तो सांगेल ते उत्तर लिहिणं. लेखनिक खालच्या इयत्तेतलाच लागतो. पंचविसांत हे नाही.

निर्माल्य

@पेणचा_पाहुणा, नखाचा ओरखडा वॉर्निश लावलेल्या शाडूवर फसतो. पाण्याचा थेंब टाका तळाला. शाडू मऊ पडतो.

पेणचा_पाहुणा

तळाला वॉर्निश कोण लावतं? बरं, थेंब टाका. दोन्ही करा. झालं समाधान?

खडूस_मास्तर

लेखणी यांचा मुद्दा कुणी वाचलाच नाही बहुतेक. त्यांनी सविस्तर लिहावं.

हिरवाई

मी वाचला. माझ्या यादीत नव्हता, हो, कबूल. आता मास्तरांना आनंद झाला असेल तर एक विचारते. यात मुलाने फक्त लिहायचं असतं ना? मग 'प्रकल्प' काय त्यात?

लेखणी

तयारी हाच प्रकल्प. दहावीचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात, त्याआधी शाळेने इच्छुक मुलांची यादी करून मुख्याध्यापकांकडून ती दृष्टिहीन विद्यार्थी असलेल्या शाळांना कळवावी. एका परीक्षार्थीमागे दोन मुलं धरा, एक राखीव. तापाने आदल्या रात्री मूल झोपलं तर धावपळ नको.

डिसेंबरपासून सराव. मागच्या वर्षांच्या तीन पूर्ण प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, त्याच परीक्षार्थीसोबत. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा भाषेचा पेपर चार तासांचा, दोन तासांचा पावणेतीनच्या आसपास. चार तास सलग लिहिणं चौदा वर्षांच्या हाताला सोपं नाही. अक्षर तिसऱ्या तासाला कोसळतं, ते आधी दिसायला हवं.

वाचताना आधी प्रश्न क्रमांक आणि गुण, मग प्रश्न दोनदा. बहुपर्यायी प्रश्नात सगळ्यात जास्त फसगत होते. बरोबर पर्यायावर वाचणाऱ्याचा आवाज नकळत चढतो, समोरच्याला तो लगेच कळतो आणि ती नक्कल ठरते. एका सुरात वाचायचा सराव रेकॉर्ड करून ऐकवावा लागतो. उत्तर चुकीचं सांगितलं तर चुकीचंच लिहायचं, हे हुशार मुलांना सर्वांत जड जातं. त्यांचा हात थांबतो. म्हणून पहिला नंबर येणारं मूल यासाठी बरं असतंच असं नाही.

हिरवाई

ठीक आहे. सव्विसावा म्हणून घालते. रेकॉर्डिंग फोनवर चालतं की वेगळं काही लागतं?

लेखणी

फोन पुरतो. फक्त तो परीक्षार्थीच्या बाजूला ठेवा, वाचणाऱ्याच्या नाही.