प्रतिसाद: पांढरा रंग खरवडला म्हणजे फ्रेंच ग्रामीण फर्निचर नव्हे

वर एकांनी लिहिलंय की पांढरा रंग देऊन कडा खरवडल्या की झालं फ्रेंच ग्रामीण फर्निचर. हा समज दुकानांनी पसरवलाय. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतातल्या अस्सल जुन्या वस्तू बऱ्याचदा अक्रोडाच्या, नुसत्या मेण लावून घासलेल्या असतात. ती मधासारखी झाक शेकडो हात लागून येते.

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई 1774 साली वारला, पॅरिसची फॅशन बदलली. गावचे सुतार मात्र त्याच्या काळातले बाकदार पाय आणि नागमोडी कडा पुढे कितीतरी वर्षं घडवत राहिले. त्यामुळे नुसत्या घाटावरून वय सांगायला जाऊ नका, हमखास फसाल.

मला सगळ्यात आवडतो तो 'पानेतिएर'. पाव ठेवायची भिंतीवरची पेटी, चहूबाजूंनी कातलेल्या बारीक दांड्या, हवा खेळती राहावी म्हणून. खाली 'पेत्रँ', म्हणजे पावाची कणीक मळायचं लाकडी खोकं. आपली काठवटच, फक्त पाय फुटलेली आणि झाकण असलेली! उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीची लग्नाची कपाटं ओकची. त्यांवर कबुतरांची जोडी, फुलांच्या परड्या. लाकडी खुंट्या काढल्या की अख्खं कपाट सुटं होतं, म्हणून नवरीबरोबर सासरी नेता यायचं.

प्रोव्हान्समधल्या आर्ल गावी गेलात तर म्युझिऑन आर्लातेन हे तिथल्या लोकजीवनाचं संग्रहालय चुकवू नका. कवी मिस्त्रालने 1904च्या नोबेलचे पैसे त्यातच घातले. आणि हो, विकत घेताना खण बाहेर काढून मागची बाजू बघा. अस्सल जुन्या वस्तूत हातरंध्याच्या उंचसखल खुणा बोटांना लागतात.